कचदिल शब्दाला गिऱ्हाईक

शेखलाल दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीवरनं पळून आला, तो थेट माझ्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर येऊन बसला. गळ्यात त्यो निळा कागदी रुमाल तसाच लटकायला, आन् दात जागच्या जागी.

माझं दुकान फ्लेक्सचं. शुक्रवार पेठेत कुणाचा वाढदिवस असू दे, कुणाची नेमणूक असू दे, फोटो घेऊन माणूस माझ्याकडंच येतंय. मी सोमलिंग. पेठेतली निम्मी माणसं मला बगून हसतेत, आन् निम्मी आपली पाठ चाचपतेत, मागं कायतरी चिकटवलं का काय म्हणून. पन्नाशी आली तरी हात काय गप बसत न्हाईत, त्याला मी काय करू?

"काय झालं बे?" मी इचारलं.

शेखलाल टेम्पो चालवतोय. आंध्राच्या घाटात भरलेला टेम्पो रिव्हर्स घेणारा गडी. गाल धरून म्हणला, "कुछ नै रे. डॉक्टर बोल्या तोंड उघडो, मैं उघड्या. उनो लाईट लगाया, मैं डोळे मिटल्या. फिर दिल बोल्या, शेखलाल, आज नक्को."

"सुई दाखवली का?"

"सुईचा डबा दिखाया."

"शेखलाल, तू कचदिल हायस बे."

बाजूला गुरुबसप्पा बसले होते, पेपर घेऊन. आमी सगळे त्यास्नी अप्पा म्हणतो. चादरी-टॉवेलचा होलसेल धंदा, गल्लीत सगळ्यात मोठं घर, आन् घरात जुन्या बखरींचं कपाट. अप्पांनी पेपर खाली केला.

"सोमलिंग, हा शब्द कुटनं उकरून काढलास रे?"

"आमचा आजा म्हणायचा."

"मग तुझ्या आज्यासंगटच गेला तो. मेला तो शब्द. भित्रा म्हण, भेकड म्हण, भ्याड म्हण. नेभळट, शेळपट, पळपुटा, भागूबाई. जरा भारी पायजे तर भीरू म्हण, कापुरुष म्हण. मराठीत ह्या मालाचा दुष्काळ न्हाय."

"सगळं एकच की अप्पा. दुकान एक, पाट्या येगळ्या."

ह्यावर अप्पा खुलले. शब्दाचा विषय निघाला की ते असे खुलतेत, जसं काय नातवाचा फोन आलाय. "एक कसं असंल? भित्रा जातच न्हाय, घरातच बसतो. घाबरट जातो, पण लटलटत जातो. पळपुटा लढाई सुरू झाल्यावर पळतो. आन् कचदिल... तो घोड्यावर बसतो, तलवार उपसतो, फौजेला 'चला रे' म्हणतो, आन् ऐन टायमाला त्याचं काळीज कच्चं पडतं. बखरीत असं येतं बग, 'सरदार कचदिल जाहला, तों फौजेचा धीर सुटला.' वा! पण आता कोण बोलतंय असं?"

"मी बोललो की आत्ता."

"तू एकटा. दुसऱ्या कुणाच्या तोंडनं ऐकव. पाडव्याच्या आत माझ्या तोंडावर कुणीतरी हा शब्द नीट वापरला, जागा बगून वापरला, तर मी हरलो."

आता बगा, असलं कायतरी कुणी बोललं की माझ्या अंगात वीज येते. मी लगेच हात पुढं केला. "हरणाऱ्यानं काय करायचं?"

"चौकात स्टुलावर उभं ऱ्हायचं. हलगीवाला बोलवायचा. आन् त्या शब्दाचं सबंध वाक्य करायचं, सोताच्या नावानं."

"लागली!"

"थांब. फ्लेक्सवर छापायचा न्हाय. मोबाईलवर पाठवायचा न्हाय. कुणाला पढवून पाठवायचं न्हाय. शब्द आपल्या पायानं चालत माझ्याकडं आला पायजे."

शेखलालला पंच केला, कारण गाल सुजल्यामुळं त्याला हसता येत नव्हतं.

मला वाटलं, सोपं हाय. दुसऱ्या दिवशी गल्लीत पोरं क्रिकेट खेळायली होती, एका पोरानं बॉल आला की डोळं मिटून बॅट फिरवली. मी वरडलो, "ए कचदिल!" पोरं माझ्याकडं असं बगायला लागली जसं मी उन्हात लई येळ बसलोय. "काका, त्याला फट्टू म्हणतेत," एक पोरगं म्हणलं, आन् खेळ सुरू.

कोपऱ्यावर फुलं विकणाऱ्या नागव्वाला इचारलं. नागव्वा अक्कलकोटकडची, अर्धं कन्नड, अर्धं मराठी. ती म्हणली, "नमगे हेडी अद की. पुक्कल बी हाय. तुमचं कशाला पायजे आनि?" शेखलालची बायको अजीजाभाभी म्हणली, "भाईजान, हमारे में बुजदिल बोलते. अच्छा वजनदार है. तुमचा हलका लगता." नरसय्या टेलरनं शिलाई मशीन न थांबवता सांगितलं, "पिरिकि." तेलुगुत तेवढं पुरे होतं म्हणे.

म्हंजे बगा, अख्ख्या पेठेत प्रत्येकाकडं भित्र्यासाठी आपापला शब्द तयार. कुणाच्याच घरात जागा रिकामी न्हाय. माझ्या शब्दाला गिऱ्हाईकच न्हाय. अप्पा रोज संध्याकाळी कट्ट्यावर येऊन इचारायचे, "काय, चालायला लागला का रे तुझा शब्द? का अजून रांगतोय?" आन् पेपराआडनं हसायचे. मी बी ठरवलं, आता सोडायचं न्हाय. दुकान बंद पडलं तरी बेहत्तर, पण अप्पांना स्टुलावर चढवायचं म्हंजे चढवायचंच.

तवाच राजेश्वरीवैनींचं पाण्याचं निघालं.

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत न्हाय, तीन-चार दिवसांनी येतं. त्याला आमी पाण्याचा दिवस म्हणतो. त्या दिवशी कुणी गावाला जात न्हाय, कुणी पाव्हणं बोलवत न्हाय. आमच्या गल्लीची पाईप चौकातनं आत येते. पहिलं माझं घर, मग शेखलालचं, नरसय्याचं, मग अप्पांचं, आन् सगळ्यात शेवटी वैनींचं. आता अप्पांनी नळाला मोटर लावलेली, अंगणात, वर गोणपाट झाकून. पाणी आलं की मोटर सगळं वढून घेणार, हौद भरणार, गच्चीवरची टाकी भरणार. वैनींच्या नळाला नुसता वारा. फुस्स.

मोटर लावायला बंदी हाय. म्हणून अप्पा आवाज दाबायला पाण्याच्या दिवशी स्पीकरवर भजन लावायचे, एवढं मोठ्यानं की खिडकीच्या काचा थरथरायच्या. गल्लीत सगळ्यास्नी म्हायती. भजन सुरू म्हंजे मोटर सुरू. "अप्पांची भक्ती वाढली बरं का," म्हणायचं आन् आपापली बादली भरायची. माझं घर चौकाजवळ. मला पाणी लागंल तेवढं. म्हणून राग बी मला लांबनंच यायचा.

मी भाकरी आणायला वैनींकडं गेलो होतो. वैनी ज्वारीच्या कडक भाकरी करतेत, पापडासारख्या पातळ, मोडली की टाळी वाजल्यासारखा आवाज. नवरा सिद्धेश्वर नाशिककडं कंपनीत, महिन्यातनं एकदा येतोय. घर वैनींच्या तव्यावर चालतंय. त्या दिवशी तवा गार होता. अंगणात रिकामी पिंपं आडवी पडलेली.

"भावजी, आज भाकरी न्हाय. पीठ हाय, पाणी न्हाय."

"टँकर मागवा की."

"टँकरच्या पाण्याला वास येतो, भाकरीला बी येतो. मागच्या येळेला माल परत आला." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "पुण्याच्या प्रदर्शनाची ऑर्डर हाय, पाडव्याला माल पोचला पायजे. ही गेली तर ते परत बोलवणार न्हाईत. आन् मग मी हितं बसून काय करू? जेऊरला भाऊ म्हणतोय, ये हिकडं, शेतात बोर हाय, पाणी हाय. पण तिथं भाकरी कोण घेणार? घरोघरी थापतेत. तिथं मी भावाच्या घरात बसून खाणारी हुईन, दुसरं काय?"

हे त्या रडून म्हणल्या न्हाईत. हिशेब सांगावा तसं म्हणल्या, म्हणून मला जास्त लागलं.

"मी बोलतो अप्पांशी," मी म्हणलो. छाती काढूनच म्हणलो. "आत्ता जातो. माझं आन् त्यांचं रोजचं बसणं-उठणं हाय. तोंडावर सांगतो, मोटर काढा."

"बोलशीला?"

"मी कुणाला भीतो व्हय?"

गेलो. तरातरा गेलो. दार उघडलं अप्पांच्या बायकोनं, गौरम्माक्कांनी. "बा सोमलिंग, कुंद्रु, बस. चा कुडी." बसलो. च्या आला, वर दोन धपाटी, शेंगाची चटणी. अप्पा कपाटातनं एक जुनं पुस्तक काढून आले, त्यातलं एक पान वाचून दाखवायला लागले. मधे मी एकदा घसा खाकरला.

"काय रे?"

"काय न्हाय. ऊन लई पडायलंय, न्हाय?"

"लई."

दुसरा कप पिलो आन् आलो. वैनी दारातच उभ्या होत्या.

"बोलला?"

"विषयच निघाला न्हाय, वैनी."

वैनी हळू म्हणल्या, "भावजी, तुमाला भित्रं म्हणावं तर ते बी खरं न्हाय. भित्रा माणूस जाग्यावरनं उठलाच नसता. तुमी उठलासा, छाती काढून गेलासा, त्यांच्या दारात पोचलासा, आन् च्या पिऊन आलासा. असल्याला काय म्हणायचं वो?"

माझ्या तोंडनं आपसूक निघालं, "कचदिल."

"काय?"

"कचदिल म्हणतेत, वैनी. जुना शब्द हाय."

"कचदिल," त्या म्हणल्या. पुन्ना एकदा म्हणल्या. भाकरी भाजलीया का बोटानं दाबून बगतेत, तसा त्यांनी शब्द दाबून बगितला. "बरोबर हाय. हाच पायजे होता."

आन् मला हितं हसायला यायला पायजे होतं, कारण शब्दाला पहिलं गिऱ्हाईक मिळालं होतं. पण गिऱ्हाईकानं तो घेऊन पहिल्यांदा मलाच लावला. हसू कुटनं येणार?

पुढचं सगळं वैनींनी केलं. त्यांनी शेखलालला सांगितलं, तुमी जावा. शेखलाल गेला, बिर्याणीच्या भांड्याबद्दल बोलून आला. वैनी दारातनं म्हणल्या, "शेखलालभाई, तुमी बी कचदिल." नरसय्या गेला, त्यानं अप्पांच्या पँटची मापं घेतली आन् आला. कचदिल. नागव्वा गेली, गौरम्माक्कांना गजरा देऊन आली. कचदिल. मग लोकं एकमेकांस्नी म्हणायला लागली. "आजचा कचदिल कोण?" सकाळी नळावर हेच. क्रिकेटवाल्या पोरांनी उचलला. जो पोरगा रन काढायला अर्ध्यात जाऊन माघारी वळतो, त्यो कचदिल. नागव्वा तर त्याला कन्नड शेपूट लावून म्हणायची, "कचदिल अदान नोडु ह्यो!" अजीजाभाभीनं परवा शेखलालला दाताच्या डॉक्टरकडं परत पाठवताना म्हणलं, "जाओ, और कचदिल होके मत आना." त्यो दात काढून आला.

माझ्या आज्याचा मेलेला शब्द गल्लीभर पळायला लागला, आन् सगळीकडं पोचला. फक्त एका दारात न्हाय. अप्पांच्या तोंडावर कोण म्हणणार? अप्पांसमोर आलं की सगळे च्या पिणार. अप्पांच्या घरच्या च्याच्या कपानं अख्खी गल्ली हरवली होती, कुणाला कळलंच नव्हतं.

"काय सोमलिंग," अप्पा कट्ट्यावर म्हणले, "गल्लीत तुझा शब्द ऐकू यायलाय म्हणे. पण मला कोण म्हणलं न्हाय अजून."

"अजून पाडवा झाला न्हाय, अप्पा."

"म्हणून तरी काय? मला कोण म्हणणार? आन् का म्हणणार?"

मला म्हणायचं होतं, का ते तुमच्या गोणपाटाखाली हाय. म्हणलो, "बगू की." काय करणार? पैजेत मला कुणाला पढवायची बंदी, आन् सोता बोलायचं म्हटलं तर मी काय हाय ते वैनींनी सांगितलंच होतं.

पाडव्याच्या आधीचा पाण्याचा दिवस उजाडला. सकाळी सकाळीच पाणी आलं, आन् अप्पांच्या घरनं भजन सुरू झालं. एवढं मोठ्यानं की माझ्या दुकानातला टांगलेला फ्लेक्स हलायला लागला. मी दारात उभा होतो. बगतो तर वैनी घरनं निघालेल्या. कमरेवर रिकामी घागर, पदर खोचलेला. मधे कुणाकडं बगणं न्हाय, कुणाशी बोलणं न्हाय. शेखलाल टेम्पोतनं उतरला. नरसय्याची मशीन थांबली. नागव्वा हातातला हार तसाच धरून मागं निघाली. मी बी निघालो.

दार उघडलं गौरम्माक्कांनीच. "बा राजेश्वरी, कुंद्रु. चा मडतेनि."

"च्या नगं, अक्का."

गौरम्माक्का जागच्या जागी थांबल्या. त्या घरात आजपर्यंत कुणी च्या नगं म्हणलं नव्हतं.

"अगं, घोटभर."

"एक घोट बी नगं. मी बसणार न्हाय. अप्पा, जरा ते भजन बंद करा."

अप्पा आरामखुर्चीतनं उठले. "देवाचं हाय पोरी. मधेच कसं बंद करायचं?"

"मग मी करते. पाप लागलं तर मला लागू दे," वैनी म्हणल्या, आन् पुढं होऊन त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं.

गल्लीत येकदम शांत झालं. आन् त्या शांततेत, अंगणातल्या कोपऱ्यातनं, गोणपाटाखालनं, घूंऽऽऽ.

सगळ्यांनी ऐकलं. आमी दाराबाहेर होतो, आमी बी ऐकलं. गल्लीत इतके दिवस म्हायती असलेली गोष्ट, पण कानानं पहिल्यांदाच ऐकायलो होतो.

अप्पा म्हणले, "ते... मिक्सर हाय."

गौरम्माक्का दोनी हात रिकामे करून उभ्या होत्या. त्यांनी अप्पांकडं असं बगितलं की अप्पांनी मिक्सर परत गिळला.

"अप्पा," वैनी म्हणल्या. आवाज चढवला न्हाय. "तुमी मोठं हाईसा. मी तुमाला चोर म्हणायला आले न्हाय. मागच्या पाण्याला मी गच्चीवर होते. तुमी अंगणात आलासा, गोणपाट काढलंसा, हातात पाना घेतलासा. मला वाटलं, आता काढतेत. मी खाली पळाले, नळाखाली घागर लावली, परत वर येऊन बगितलं. तुमी हिकडं तिकडं बगितलं, पाना खिशात घातला, आन् गोणपाट परत टाकलं. माझ्या घागरीत थेंब आला न्हाय."

अप्पांचा हात आपसूक खिशाकडं गेला.

"भित्रा माणूस पाना हातातच घेत न्हाय. तुमी घेतलासा. म्हणून तुमाला भित्रं म्हणणार न्हाय. अप्पा, तुमी कचदिल हाईसा."

शब्द चालत आला, न्हाय का? सगळी गल्ली फिरून, धूळ लावून, नीट जागा बगून, बरोबर त्याच दारात. अप्पांनी सांगितलेल्या त्याच अर्थानं. मला नाचावंसं वाटलं, आन् पाय हलेनात.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दाराकडं बगून म्हणले, "सोमलिंग, हायस का भाईर?"

"हाय अप्पा."

"जिंकलास."

"हौ, जिंक्या," पंच म्हणला. गाल उतरल्यामुळं त्याला आता हसता येत होतं, आन् त्यो हसला. तितंच घात झाला.

वैनी गर्रकन वळल्या. "काय जिंकला?"

मी शेखलालकडं बगितलं, शेखलालनं आभाळाकडं बगितलं. शेवटी मलाच सांगावं लागलं. पैज, कट्टा, स्टूल, हलगी, सगळं.

"माझ्या पाण्यावर पैज लावलासा व्हय?"

"न्हाय वैनी, देवाशप्पत. पैज शब्दावर हुती. पाण्याचं तवा निघालंच नव्हतं. आन् तुमाला मी पढवलं न्हाय, तुमीच इचारलासा..."

"मग तुमी काय केलंसा जिंकायला?"

"म्हंजे?"

"हितं आलं कोण? च्याला न्हाय म्हणलं कोण? अप्पांच्या तोंडावर बोललं कोण? तुमी तर दोन कप पिऊन गेलासा." त्यांनी घागर कमरेवरनं खाली ठेवली, ठण्‌ करून. "पैज मी जिंकले. तुमी दोघंबी हरलासा."

शेखलालनं पंच म्हणून डोकं खाजवलं. नागव्वा म्हणली, "निज अद, निज अद. खरं हाय." नरसय्यानं मान हलवली. गौरम्माक्का म्हणल्या, "राजेश्वरी बरोबर बोलतीया." एवढी सगळी माणसं एका बाजूला झाल्यावर पैजेचा कायदा कोण बगतोय?

अप्पांनी खिशातनं पाना काढला. म्हंजे मागच्या पाण्यापासनं खिशातच होता त्यो! अंगणात गेले, गोणपाट बाजूला टाकलं, प्लग काढला. घूंऽऽ बंद झालं. मग उकिडवं बसून नट फिरवायला लागले. नट घट्ट. पाना दोनदा निसटला. मी पुढं झालो, "आणा हिकडं अप्पा."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणले. "ह्या टायमाला मधी सोडलं तर मला दुसरा शब्द शोधावा लागंल."

नट निघाला. पाईप जोडली. तेवढ्यात गल्लीच्या शेवटनं कुणाचं तरी वरडणं ऐकू आलं, "वैनी, नळ सुटला वो! पिंप भरायलंय!" वैनी घागर घेऊन निघाल्या. जाता जाता दारात थांबल्या. "संध्याकाळी. चौकात. मी तवा उतरवून येते."

दिवसभर वैनींच्या घरनं भाकरी थापायचा आवाज येत होता. थप थप थप थप. माझ्या दुकानात बसून मला त्यो हलगीसारखा वाटायला लागला होता.

संध्याकाळी चौकात माणसं जमली. पैजा मी लई लावल्या, पण एवढी गर्दी कधी बगितली न्हाय. हलगीवाला बिरुदेव हलगी घेऊन आला, विस्तवावर शेकून, टणक करून. स्टूल माझ्या दुकानातलं. मधे ठेवलं. अप्पांनी पांढरा धोतर-सदरा घातलेला, जसं काय लग्नाला आलेत. गौरम्माक्का सगळ्यात पुढं. वैनी हाताला पीठ लागलेलं तसंच, पुढच्या रांगेत.

"अप्पा, मी आधी चढू का?" मी कानात म्हणलो. खरं तर मला वाटायलं होतं की त्यांना जरा सोडवावं. म्हातारा माणूस हाय.

"वयानं मोठा कोण?"

"तुमी."

"मग गप."

एका हातानं माझ्या खांद्याला धरलं आन् चढले. बिरुदेवनं हलगी वाजवली, कडकडकड, आन् थांबवली. अप्पांनी वर बगितलं, खाली बगितलं. तोंड उघडलं आन् मिटलं. गर्दीत कुणीतरी हळूच म्हणलं, "झालं, कच खाल्ली." अप्पांनी त्या बाजूला बगितलं, आन् पुढं बखर वाचायच्या आवाजात, खणखणीत, सुरू केलं.

"मी गुरुबसप्पा. नळाला मोटर मीच लावली. आवाज दडपायला देवाला पुढं केलं. ती मोटर काढायला मी सोता पाना हातात घेऊन गेलो, आन् काढली तर ती लावलेली होती हे लोकांस्नी कळंल म्हणून परत झाकून आलो. लोकांस्नी आधीच कळलेलं होतं. मी कचदिल."

हलगी वाजली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. अप्पा उतरताना म्हणले, "वाक्य जरा लांबलं." गौरम्माक्कांनी त्यांच्या खांद्यावरचं उपरणं नीट केलं, आन् हसू काय दाबलं न्हाय.

आता मी. मी चढलो. गर्दीला हात केला. म्हणलो, "मंडळी! सोलापूरच्या पेठांचा लाडका, तुमच्या आमच्या काळजाचा तुकडा, सोमलिंग, ज्याच्या शौर्याच्या गोष्टी..."

लोकं हसली. वैनी हसल्या न्हाईत.

"भावजी. नीट."

"वैनी, जरा मजा..."

"अप्पांनी नीट केलं. तुमी बी नीट करा. मी बी तवा सोडून आले."

मी वर केलेला हात खाली घेतला. असं गप मला कुणी केलं न्हाय अजून. स्टुलावरनं सगळी गल्ली दिसत होती. चौकापासनं माझं घर, शेखलालचं, नरसय्याचं, अप्पांचं, आन् शेवटी वैनींचं, दारात भरलेली पिंपं. वरनं बगितलं तर लई लांब न्हाय ते घर. मी तिथपर्यंत रोज भाकरी आणायला जात होतो.

"मी सोमलिंग," मी म्हणलो. "राजेश्वरीवैनींना पाणी न्हाय हे मला म्हायती होतं. मोटर कुणाची ते बी म्हायती होतं. छाती काढून मी अप्पांच्या दारात गेलो, आन् दोन कप च्या पिऊन, उन्हाच्या गप्पा मारून माघारी आलो. मी कचदिल."

"मागच्यांना ऐकू आलं न्हाय," वैनी म्हणल्या.

मी परत सगळं वाक्य म्हणलो, ह्या खेपेला एवढ्या मोठ्यानं की कोपऱ्यावरचं कुत्रं उठून बसलं, आन् बिरुदेवनं हलगीवर टिपरू मारलं.